काळ्या मातीवर लॉन: खोदाईपासून पहिल्या कापणीपर्यंत

जुलैत अंथरलेलं लॉनचं हिरवंगार कार्पेट (नर्सरीतून मुळं-मातीसकट आणलेले गवताचे तुकडे) दिवाळीपर्यंत पिवळं पडतं. मार्च आला की तुकड्यांच्या सांध्यांमधून बोट जाईल एवढ्या भेगा उघडतात आणि मेमध्ये ते चटईसारखं गुंडाळून उचलता येतं. नागपुरातल्या बऱ्याच घरांपुढे हे दिसतं आणि खापर फुटतं नर्सरीवाल्याच्या डोक्यावर. गवत बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते ज्यावर टाकलं ती माती पाणी कसं धरते नि कसं सोडते, हे कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून इथे निम्म्याहून जास्त जागा गवत घरी येण्याआधीच्या कामाला दिली आहे.

हिशेबासाठी २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांचं अंगण धरलं आहे. ते सुमारे ४६ चौरस मीटर होतं. जागा निम्मी असेल तर सगळे आकडे निम्मे करा.

आधी ऊन, मग पाणी

ज्या जागेला दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत नाही, तिथे बारीक पानाचं लॉन टिकत नाही. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर लॉनचा नादच सोडा आणि तिथे फरशी किंवा सावलीतली झाडं लावा. आंबा, कडुनिंब, करंज यांच्या बुडाशी गवत अंथरणं म्हणजे दरवर्षी नवीन विकत घेणं. ऊन मोजताना उन्हाळ्यातलं मोजू नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि शेजारच्या तीन मजली इमारतीची सावली अंगणभर पसरते.

पाण्याचा हिशेब पैशाच्या हिशेबाआधी करा. ४६ चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४६ लिटर. मेमध्ये गवताला दिवसाला साधारण सहा-सात मिलिमीटर लागतं, म्हणजे रोज ३०० लिटरच्या आसपास. एवढं पाणी नळाला किंवा बोअरला मे महिन्यात असतं का? नसेल तर ५०० ऐवजी २०० चौरस फूट करा आणि ते नीट करा.

जाता जाता: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी लॉनवर ओतायची सवय घरोघरी आहे. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे ते उरलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड असतं. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. दोन्ही संडासात टाकायला ठीक, लॉनला नको.

काळ्या मातीचा स्वभाव

आपली भारी काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते. फुगलेल्या अवस्थेत तिच्यातून पाणी जवळपास जातच नाही. तुमच्या अंगणात नेमकं काय होतं ते पाहायला एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करा आणि पाण्याने भरा. उन्हाळ्यात पहिलं पाणी झरझर जिरेल. ते भेगांमधून पळालेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि काठीला खूण करून तासाने पाहा. पातळी अर्धा इंचही उतरली नसेल तर पाण्याला बाहेर जायची वाट करून द्यावीच लागेल.

सगळीकडे काळीच माती असते असंही नाही. नवीन लेआउटमध्ये प्लॉट मुरूम टाकून उंच केलेला असतो आणि त्यावर रोलर फिरलेला असतो. अशा ठिकाणी पाणी भरायची भीती कमी, पण मूळ आत शिरत नाही. तो थर सबलीने फोडून घ्यावा लागतो. बांधकाम नुकतंच झालं असेल तर चार ठिकाणी कुदळ मारून पाहा. प्लास्टरचे ढेकळे, वाळलेला सिमेंटचा माल, सेंट्रिंगच्या फळ्या हे सगळं मातीखाली ढकललेलं सापडतं. सिमेंटचा माल जिथे राहील तिथे गवत पिवळं आणि फळी जिथे राहील तिथे वाळवी. हे वेचून काढण्यात एक दिवस गेला तरी चालेल.

माती तपासणी करून घेतली तर उत्तम. विदर्भातल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, चुनखडीही असते. म्हणून कुणी ‘जमीन सुधारायला चुना टाका’ म्हणालं तर हात जोडा. सामू साडेआठच्या वर निघाला तरच जिप्समचा विचार करायचा, तोही अहवाल पाहून.

रेती मिसळण्याची चूक

माळी हमखास सुचवतात: वरची सहा इंच माती उकरा, त्यात एक ट्रॉली रेती मिसळा, झालं. चिकण माती जास्त आणि रेती कमी असेल तर रेतीचे दाणे चिकणीत रुतून बसतात आणि वाळल्यावर त्याची वीट होते. रेतीने फरक पडायला ती एकूण मिश्रणाच्या निम्म्याहून जास्त असावी लागते. त्यापेक्षा काळी माती खाली राहू द्यावी आणि तिच्यावर हलक्या मातीचा वेगळा थर करावा, हे सोपं.

पण इथे दुसरा खड्डा वाट पाहत असतो. काळ्या मातीत सहा इंच खोल खोदून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं, की तो चारी बाजूंनी बंद हौद होतो. जुलैच्या झडीत पाणी त्यात शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून गवत हिरवं दिसतं, पाय ठेवला की पचपच आवाज येतो आणि पंधरा दिवसांत मुळं कुजतात. उपाय दोन आहेत. एक, खोदूच नका. अंगण रस्त्यापेक्षा आणि पायवाटेपेक्षा खाली असेल तर आहे त्या जमिनीवरच थर चढवा. दोन, खोदायचंच असेल तर हौदाच्या तळाला उतार द्या आणि उतरत्या कडेला चर काढून पाणी बाहेर न्या.

खोदाई, उतार आणि चर

हे काम मार्च-एप्रिलमध्ये. पायवाटेच्या पातळीपासून सहा इंच खाली खोदा. ५०० चौरस फुटांतून अडीच ब्रास माती निघेल (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल झाल्यावर ती आणखी फुगते. ती कुठे जाणार हे आधी ठरवा, नाहीतर ढीग पावसाळाभर फाटकाशी पडून राहतो.

जोत्याला लागून लॉन नको. भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा सोडा आणि तो जोत्यापासून बाहेरच्या बाजूला उतरता, पक्का करा. काळी माती रोज भिजून फुगायला लागली तर ती पायालाही ढकलते.

उतार घरापासून दूर, दर दहा फुटांना दीड इंच. २५ फुटांत पावणेचार इंच होतात. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. नजरेच्या अंदाजाने हे काम होत नाही. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि दोरीपासून खाली मोजत जा. महत्त्वाचं हे की उतार खोदलेल्या तळालाही हवा, फक्त वरच्या मातीला नाही. काळ्या मातीचा तळ मध्ये खोलगट राहिला तर वरून कितीही सपाट दिसलं तरी पाणी तिथेच थांबतं.

उतरत्या कडेने २० फूट लांबीचा चर काढा: नऊ इंच रुंद, पायवाटेपासून दीड फूट खोल आणि बाहेर पडायच्या दिशेला आणखी अडीच इंच खोल होत जाणारा. चराला आतून जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) लावा, तळाला दोन इंच २० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर तीन इंची पीव्हीसी पाइप. पाइपला दर सहा इंचांवर आठ मिलिमीटरची छिद्रं, दोन रांगांत. छिद्रं खालच्या अंगाला ठेवायची. वर ठेवली तर गाळ आधी शिरतो आणि पाणी शिरायला चर पाइपच्या वरपर्यंत भरावा लागतो. वरून गिट्टी भरून कापडाची घडी घाला. गिट्टी साधारण १५ घनफूट लागते. शेवटी पाइप पावसाच्या नालीत सोडा, गडर लाइनला जोडू नका. नाली उंच असेल तर शोषखड्डा करा, पण तो काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल हवा. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा म्हणजे दुसरा हौद.

वरचा थर

एकूण सव्वादोन ब्रास मिश्रण लागेल: ९० घनफूट हलकी गाळमाती, ९० घनफूट जाड रेती, ४५ घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत. खोदलेली काळी मातीच वापरायची असेल तर प्रमाण बदला: एक घमेलं चाळलेली माती, तीन घमेली रेती, एक घमेलं खत. पावसाळ्यात नदीतला रेती उपसा बंद असतो आणि भाव चढतात, म्हणून कन्हानची रेती मेआधीच टाकून घ्या. दगडाची चुरी रेतीऐवजी चालत नाही, तिच्यातली बारीक भुकटी चिकणीसारखीच घट्ट बसते.

शेणखत हातात घेऊन पाहा. काळं, भुसभुशीत आणि वास मातीचा हवा. शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे ओळखू येत असतील, हाताला गरम लागत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या अळ्या येतात आणि त्या थेट मुळं खातात.

भरण्याआधी काळ्या मातीचा वरचा दोन इंच भाग टिकासाने फोडा आणि मिश्रणाची पहिली घमेली सगळीकडे पसरून तिच्यात मिसळा. असं केलं नाही तर दोन मातींमध्ये साफ रेघ राहते आणि मुळं त्या रेघेपाशी आडवी वळतात. मग उरलेलं मिश्रण टाका. वरच्या तीन इंचांत अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाच किलो निंबोळी पेंड मिसळा. सैल असताना थर साडेपाच इंचांच्या आसपास भरेल, पाणी मारून बसला की साडेचार इंच होईल. कार्पेट सव्वा ते दीड इंच जाड असतं, म्हणजे शेवटी गवताचं बूड पायवाटेच्या बरोबरीला येईल. पायवाटेपेक्षा वर आलेलं लॉन कापायला त्रास देतं आणि कडेने वाळतं.

मेच्या उन्हाचा फायदा

नागपूरचं ऊन एरवी शत्रू, या कामात मात्र फुकटचा मजूर. थर भरून झाला की तो चांगला भिजवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून सगळ्या कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं, माती कमी तापवतं. एप्रिलच्या शेवटापासून नवतपा संपेपर्यंत, चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. खतातून आणि रेतीतून आलेलं तणाचं बी, अळ्या, बुरशी यांचा बराच बंदोबस्त होतो. प्लास्टिक काढल्यावर पुन्हा खोल उकरू नका, खालचं जिवंत बी वर येईल.

लव्हाळा मात्र याला पुरून उरतो. त्याच्या गाठी फूटभर खोल असतात आणि खुरप्याने तोडलं की एकाच्या चार होतात. जागेत लव्हाळा असेल तर खोदाईच्या वेळीच गाठीसकट माती उचलून बाहेर टाका. ती माती शेजारच्या कुंड्यांत भरू नका.

कधी अंथरायचं

मान्सून नागपुरात साधारण जूनच्या मध्यावर येतो. मृगाच्या पहिल्या सरींत अंथरू नका. त्या सरी मातीवरच पडू द्या, त्याने थर खरा बसतो आणि कुठे खळगा आहे तो डबक्याने दाखवून देतो. खळग्यात चाळलेलं मिश्रण भरा, फळी फिरवा. आर्द्रा लागल्यावर, म्हणजे २१-२२ जूननंतर, उघडीप मिळाली की अंथरा. दुसरी वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही गवतं जवळपास झोपतात, मुळं धरत नाहीत. फेब्रुवारीतही जमतं, पण एप्रिलच्या आत मूळ खोल जायला हवं. मार्चअखेर घरी कार्यक्रम आहे म्हणून अंथरलेलं लॉन हा मंडपाचा खर्च समजावा.

पावसाळ्यातही एक गोष्ट पाहायची: वाफसा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर थांबा. ओल्या मातीवर चाललात तर महिनाभराची मेहनत दोन तासांत तुडवली जाते.

गवत निवडणं आणि आणणं

उघड्या उन्हात आणि मुलं खेळणार असतील तिथे सिलेक्शन वन किंवा बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातलं. लवकर पसरतं, लवकर भरून येतं, पण पावसाळ्यात दर आठवड्याला कापावं लागतं. मेक्सिकन नावाने मिळणारं दाट नि सावकाश वाढतं, कापणी कमी लागते, थोडी सावली सहन करतं, मात्र खराब झालेली जागा भरायला महिने घेतं. कोरियन मखमलीसारखं दिसतं आणि कापलं नाही तर उंचवटे धरतं. बघायच्या लॉनला ते छान, वापरायच्या नाही.

नर्सरीत एक तुकडा एका कोपऱ्याला धरून उचला. तुटला तर मुळांचं जाळं अजून झालेलं नाही. उलटा करून पाहा: मुळं पांढरी हवीत, तपकिरी नि चिकट नकोत. पातींमध्ये तीन धारी, चकचकीत दांडा दिसला तर तो लव्हाळा आहे, तो ढीग सोडा. तुकडे किती मापाचे आहेत ते स्वतः टेपने मोजा. सरळ कडांच्या अंगणाला पाच टक्के जास्त, म्हणजे ५२५ चौरस फूट, वळणदार कडा असतील तर ५५० घ्या.

गाडी सकाळी बोलवा आणि त्याच दिवशी संपवा. एकावर एक रचलेली थप्पी आतून तापते. दुसऱ्या दिवशी मधले तुकडे पिवळट आणि हाताला कोमट लागतात. थांबावं लागलंच तर सावलीत सुटे पसरून ओलं गोणपाट टाका.

अंथरणं

माती आदल्या संध्याकाळी ओलवा, चिखल नको. सर्वात लांब सरळ कडेपासून सुरू करा. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत चला, चार कोपरे एका ठिकाणी येऊ देऊ नका. तुकडा ताणून जागा भरायची नाही. ताणलेला तुकडा वाळताना आकसतो आणि तिथेच फट पडते. शेजारचा तुकडा किंचित दाबून, कडेला कड भिडवून बसवा. कडेला बोटभर पट्टी उरत असेल तर ती कडेला लावू नका. अख्खा तुकडा कडेला ठेवा आणि कापलेली पट्टी एक रांग आत घ्या, कारण कडेची पट्टी सर्वात आधी वाळते. कापायला धार लावलेली सुरी किंवा कोयता. उतारावर तुकडे उताराला आडवे टाका आणि सहा इंची बांबूच्या खुंट्यांनी टोचून ठेवा.

अंथरलेल्या गवतावर फळी टाकून त्यावर उभं राहा. दर शंभर चौरस फूट झाले की लगेच पाणी मारा, सगळं संपायची वाट पाहू नका. शेवटी पाणी भरलेला हलका रोलर किंवा फळी ठेवून धुमस फिरवा. उद्देश एवढाच की खाली हवा राहू नये. हवा राहिली तिथे मूळ लोंबकळतं आणि सुकतं. सांध्यांत चाळलेली रेती आणि खत समप्रमाणात भरा, झाडूने आत लोटा.

पहिले एकवीस दिवस

पाऊस नसेल तर पहिले दहा दिवस रोज २५० ते ३०० लिटर, दोन वेळांत. नळ किती देतो ते बादलीने मोजा. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर ३०० लिटरला २० मिनिटं. स्प्रिंकलर असेल तर पाच-सहा स्टीलच्या वाट्या पसरून ठेवा. एकीत बोटभर आणि दुसरीत थेंब असेल तर तो सगळीकडे सारखा फेकत नाही. उन्हाळ्यात उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, ते नालीत सोडून मग लॉनवर धरा.

पाचव्या दिवशी एक कोपरा हळूच उचलून पाहा. खालची माती दोन-तीन इंच ओली हवी आणि गवताच्या बुडातून दोऱ्यासारखी पांढरी मुळं निघालेली दिसायला हवीत. माती कोरडी असेल तर पाणी वरच्या कार्पेटमध्येच अडतंय, वेळ वाढवा. माती चकाकत असेल तर कमी करा. दोन आठवड्यांनी कोपरा ओढला तर तो धरून ठेवेल. तिथून पाणी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, पण दर वेळी जास्त. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि मेमध्ये वरचे दोन इंच भाजतात. पावसाळ्यात संध्याकाळी पाणी नको, रात्रभर ओली पात बुरशीला आमंत्रण देते.

पहिली कापणी दोन-तीन आठवड्यांनी, ओढून हलत नसेल तेव्हाच. पात कोरडी, ब्लेड धारदार, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. बर्म्युडा एक ते दीड इंचावर, मेक्सिकन दीड ते दोनवर ठेवा. महिन्याने ४०० ग्रॅम युरिया कोरड्या पातीवर सारखा फेका आणि लगेच भरपूर पाणी द्या. ओल्या पातीवर पडलेला दाणा तिथे तपकिरी ठिपका जाळतो.

पिवळेपणा आला की आधी पात जवळून पाहा. सगळी पात सारखी फिकट असेल तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह मिळत नाही, चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब उडाले तर लगेच धुवा, गंजाचे डाग मग जात नाहीत. फक्त सांध्यांवर पिवळ्या रेघा असतील तर तिथे रेती पुन्हा भरा. गवत गालिच्यासारखं सहज उचललं जात असेल तर खाली हुमणी शोधा, भुंगेरे पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. पावसानंतर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्या मात्र झाडूने उडवा आणि विसरा, त्या खतातला काडीकचरा खात असतात.

फेब्रुवारीअखेर एकदा चाळलेली रेती आणि खताचं पाव इंच मिश्रण वरून पसरून झाडूने आत घाला, पातीची टोकं दिसत राहतील एवढंच. ५०० चौरस फुटांना दहा घनफूट पुरतं.